शिट्टी न ऐकणारं कबुतर: अंतर्कर्णातल्या तोलाचं एक प्रकरण

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले एक काका टोपलीत कबुतर घेऊन दवाखान्यात आले. करड्या अंगाचं गिरेबाज (उंच उडणारी एक जात), नर, वय दोन वर्षं. काकांच्या गच्चीवर वडिलांपासूनची ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, आहे. टोपलीवरचं फडकं काढायच्या आधीच त्यांनी निदान सांगून टाकलं, "मॅडम, याला मानमोडी लागलीय. बाकीच्यांना लागायच्या आत काय करायचं ते सांगा."

मानमोडी म्हणजे राणीखेत. पॅरामिक्झो गटातल्या विषाणूचा आजार. कबुतरांमध्ये त्याचा जो प्रकार फिरतो त्याला पीपीएमव्ही-1 म्हणतात. पाण्यासारखी विष्ठा, पिळवटलेली मान आणि दाणा टिपताना चुकणारा नेम ही त्याची ठळक लक्षणं. ढाबळीत एकाला झाला की बघता बघता अनेकांना होतो. म्हणून पहिला पक्षी दिसताच त्याची मान मुरगळायची आणि वेळ पडली तर सगळी ढाबळ रिकामी करायची, असा बऱ्याच कबुतरवाल्यांचा शिरस्ता. त्यात 2025 साली मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद पेटल्यापासून आसपासच्या इमारतींमधले लोक ढाबळीकडे संशयाने बघू लागलेत. ढाबळीत आजार शिरल्याची नुसती कुणकुण लागली असती तरी काकांवर पक्षी हलवायची वेळ आली असती.

हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण असं, की प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधीच निदान जवळपास निश्चित झालं आणि ते निश्चित केलं कबुतराच्या कानाच्या रचनेनं. डोलणारं, धडपडणारं प्रत्येक कबुतर मानमोडीच्या खात्यात टाकलं जातं. तोल बिघडण्याच्या जागा अनेक आहेत आणि प्रत्येक जागा आपली वेगळी खूण दाखवते. ती खूण वाचता आली तर कितीतरी पक्षी वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

पूर्वेतिहास

संक्रांतीच्या दिवसांत या पक्ष्याच्या उजव्या पंखाला मांजा लागला होता. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत पंख कापलेले पक्षी येणं थांबलेलं नाही. जखम पंखाच्या पुढच्या कडेच्या कातडीला होती, हाड वाचलं होतं. काकांनी ती धुतली, हळद भरली आणि कोणीतरी सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं आणली.

रिकामी कुपी त्यांनी खिशातून काढून दाखवली. माणसांसाठीची, 2 मिलिलिटरमध्ये 80 मिलिग्रॅम औषध असलेली. इन्सुलिनच्या सिरिंजने ते सकाळ-संध्याकाळ 0.2 मिलि छातीच्या स्नायूत टोचत होते. "थेंबभरच देत होतो," ते म्हणाले. त्या थेंबात 8 मिलिग्रॅम औषध होतं. पक्ष्याचं वजन 320 ग्रॅम. म्हणजे किलोमागे 25 मिलिग्रॅम, आणि दोन वेळचं मिळून दिवसाला 50. माणसाला दिवसभरात किलोमागे साधारण 3 ते 7 मिलिग्रॅम देतात. हा क्रम संक्रांतीपासून महिनाअखेरपर्यंत चालला.

जखम उत्तम भरली. पण त्याच सुमारास विष्ठा पातळ झाली. मग पक्षी रात्री दांडीवरून खाली पडू लागला. शेवटी एका सकाळी थव्याबरोबर सोडल्यावर वळण घेताना तो कलंडला आणि शेजारच्या पत्र्यावर आदळला. ढाबळीतल्या इतर कोणालाही काही झालेलं नव्हतं.

निघता निघता काकांनी सहज एक गोष्ट सांगितली. "शिट्टी मारली की सगळे वळतात, हा मानसुद्धा वर करत नाही. पण जवळ जाऊन आ-आ केलं की येतो." केसपेपरवर हे वाक्य मी अधोरेखित करून ठेवलं. पुढे सगळं निदान त्याच्याशी जुळत गेलं.

तपासणी

पक्षी हुशार होता, डोळे स्वच्छ होते. पोट खपाटीला गेलेलं नव्हतं, कारण काका हाताने भरवत होते. टेबलावर सोडला तेव्हा पाय फाकवून, शेपटी टेबलाला टेकवून उभा राहिला. चालला बऱ्यापैकी सरळ, थोडा सावध. डोकं मात्र एका जागी ठरत नव्हतं. ते सतत बारीक हेलकावत होतं आणि चालताना हेलकावे वाढत होते.

निरोगी कबुतर चालताना मान पुढे फेकतं आणि क्षणभर तिथेच धरून ठेवतं. अंग मागून येतं, तोवर डोकं हवेत रोवल्यासारखं असतं. हे बघायची माझी रीत अशी, की डोळे टेबलाच्या पातळीला आणायचे आणि चोचीचं टोक खिडकीच्या गजाशी जुळवून धरायचं. निरोगी पक्ष्याचं टोक गजावर थांबतं, झटक्यात पुढच्या जागी जातं, पुन्हा थांबतं. ही थांबण्याची क्रिया मुख्यतः नजरेवर चालते, पण डोकं थरथरू न देण्यात कानाचा मोठा वाटा असतो. या पक्ष्याचं टोक गजावर येई आणि लगेच डावी-उजवीकडे, वर-खाली सरकू लागे. दाणा टिपताना नेम चुकत होता तो यामुळेच. चोच दाण्यापर्यंत पोचायच्या आत डोकं हललेलं असायचं.

मात्र मान पिळवटलेली नव्हती. डोकं कोणत्याही एका बाजूला कललेलं नव्हतं. पक्षी शांत उभा असताना डोळ्यांना किंवा मानेला एका दिशेचे झटके येत नव्हते. गोल गोल फिरणं नाही, मागे पडणं नाही.

त्यानंतर फिरत्या स्टुलाची चाचणी केली. तुलनेसाठी काकांना त्याच ढाबळीतला एक निरोगी जोडीदार आणायला सांगितला. तो एवीतेवी याच हवेत राहिलेला होता. दवाखान्यातला दुसरा कोणताही पक्षी जवळ आणणं योग्य नव्हतं, आणि अहवाल येईपर्यंत आम्ही दोघांनाही हातमोजे आणि मास्क घालूनच हाताळलं.

चाचणी साधी आहे. पक्षी पंख मिटवून छातीशी धरायचा, मान मोकळी ठेवायची, स्टुलावर बसायचं आणि मदतनिसाने स्टूल संथ, एकसारखं फिरवायचं. निरोगी जोडीदाराचं अंग उजवीकडे वळू लागताच त्याचं डोकं मागे राहिलं, म्हणजे अंगाच्या हिशेबाने डावीकडे वळत गेलं. मान वळायची हद्द आली तेव्हा एका झटक्यात उजवीकडे आलं आणि पुन्हा संथपणे मागे राहू लागलं. संथ-झटका, संथ-झटका अशी ही लय. मग त्याच्या डोक्यावर मऊ कापडाची टोपी चढवली, डोळे पूर्ण झाकले आणि पुन्हा फिरवलं. लय थोडी मंदावली, पण राहिली. स्टूल अचानक थांबवल्यावर मानेला काही क्षण उलट्या दिशेचे झटके आले.

आमच्या रुग्णाने उघड्या डोळ्यांनी उशिरा आणि तुटक प्रतिसाद दिला. टोपी चढवल्यावर काहीच नाही. अंग जिकडे फिरलं तिकडे डोकं गेलं, एकही झटका नाही. स्टूल थांबवलं तरी काही नाही. डाव्या बाजूला फिरवलं, उजव्या बाजूला फिरवलं, निकाल तोच.

टोपी तशीच ठेवून दोन्ही हातांत धरून पक्षी एका कुशीवर कलवला. निरोगी पक्ष्याचं डोकं क्षितिजाशी समांतर राहतं, अंग कितीही कलो. याचं डोकं अंगाबरोबर कललं आणि बऱ्याच वेळाने अर्धवट सावरलं. हातात धरून झपकन खाली नेल्यावर निरोगी कबुतर शेपटीचा पंखा उघडतं आणि पंख झटकतं. याने शेपटी जेमतेम पसरली.

कानाच्या आत काय असतं

या चाचण्यांचा अर्थ लागायला अंतर्कर्णात शिरावं लागतं. माझ्या मते पक्ष्याच्या शरीरात याहून देखणी रचना क्वचितच असेल.

कबुतराला कानाची पाळी नसते. डोळ्याच्या मागे, पिसांच्या आड एक छिद्र असतं. आत आखूड नळी, मग कानाचा पडदा आणि त्याला टेकलेलं कॉल्युमेला नावाचं एकच हाड. त्याच्या पलीकडे कवटीच्या हाडात अंतर्कर्ण. हाडाच्या पोकळीत पेरिलिम्फ नावाचा द्रव, त्यात पातळ पापुद्र्याच्या नळ्या-पिशव्या, आणि त्यांच्या आत एंडोलिम्फ नावाचा दुसरा द्रव.

प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात: पुढची, मागची आणि आडवी. तिन्ही साधारण एकमेकींशी काटकोनात. पक्ष्यांमध्ये पुढची नलिका सगळ्यात मोठी असते. ती उंच चढते आणि मागे झुकते. लहान मेंदूचा फ्लॉक्युलस नावाचा भाग तिच्या कमानीच्या आतून बाहेर डोकावतो, आणि उडताना नजर व डोकं स्थिर ठेवण्याच्या कामात हाच भाग गुंतलेला असतो. आडवी नलिका मागच्या नलिकेच्या कमानीतून आरपार जाते. भोवतालचं हाड जाळीदार असल्यामुळे कबुतरात या नलिका तुलनेने सहज उघड्या करता येतात. म्हणूनच या इंद्रियाचा शोध कबुतरावर लागला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पिएर फ्लुराँस याने कबुतरांच्या नलिका एकेक करून कापल्या आणि 1830 साली निरीक्षणं प्रसिद्ध केली. आडवी नलिका कापली की डोकं डावी-उजवीकडे झोके घेतं, उभ्या नलिका कापल्या की वर-खाली. नलिकेच्या प्रतलातच डोकं हलतं! तोपर्यंत या नलिका ऐकण्यासाठी असतात असाच समज होता. त्या तोलाचं इंद्रिय आहेत हे 1870 साली गोल्ट्झने मांडलं. पुढच्या काही वर्षांत माख, ब्रॉयर आणि क्रम ब्राउन यांनी त्यांत द्रवाच्या हालचालीचं गणित बसवलं. 1892 साली एवाल्डने कबुतराच्या एकेका नलिकेतला द्रव हवेच्या दाबाने ढकलून दाखवला, आणि आडव्या नलिकेत द्रव फुगीर टोकाकडे सरकला की प्रतिसाद जास्त जोरकस येतो, हे सिद्ध केलं.

हे फुगीर टोक म्हणजे ॲम्पुला. पाण्याने भरलेलं घमेलं गर्रकन वळवलं की घमेलं फिरतं आणि पाणी मागे राहतं, तसं डोकं वळताना नलिका वळते आणि एंडोलिम्फ मागे राहतो. ॲम्पुलात क्रिस्टा नावाचा उंचवटा असतो. त्यावर रोमपेशी, म्हणजे टोकाला सूक्ष्म केस (रोम) असलेल्या संवेदी पेशी, बसलेल्या असतात आणि त्यांचे रोम क्युप्युला नावाच्या मऊ, पारदर्शक पडद्यात रुतलेले असतात. मागे राहिलेला द्रव क्युप्युलाला वाकवतो, तिच्याबरोबर रोम वाकतात. रोमांच्या टोकांना जोडणारे अतिसूक्ष्म धागे ताणले जातात, त्यांच्याशी जोडलेल्या वाहिन्या उघडतात, एंडोलिम्फमधले पोटॅशियमचे आयन पेशीत शिरतात आणि कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या चेतेतून (मज्जातंतूतून) संदेश जातो. कबुतराच्या दोन उभ्या नलिकांच्या क्रिस्टेवर सेप्टम क्रुशिएटम नावाचा एक आडवा उंचवटा जास्तीचा असतो. आडव्या नलिकेत तो नसतो.

नलिका वळणं ओळखतात. कल आणि सरळ रेषेतला वेग ओळखायला वेगळी इंद्रियं आहेत: युट्रिकल, सॅक्युल आणि लॅजिना. तिघांतही रोमपेशींच्या थरावर चिकट थर आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. डोकं कललं की जड स्फटिक घसरतात आणि रोम वाकतात. युट्रिकल जवळपास आडवं असतं, सॅक्युल उभं. लॅजिना अंतर्कर्णातल्या ऐकण्याच्या नळीच्या अगदी टोकाला असते. सस्तन प्राण्यांत ती फक्त प्लॅटिपस आणि एकिडना यांच्या गटात उरली, पक्ष्यांनी मात्र ती राखली. 2012 साली वू आणि डिकमन यांनी कबुतराच्या मस्तिष्कस्तंभातल्या तोलाच्या केंद्रांमध्ये चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी नोंदवल्या, तेव्हापासून लॅजिनाबद्दलचं कुतूहल आणखी वाढलंय. आमच्या रुग्णाशी त्याचा संबंध नाही, पण दूरवरून ढाबळीत परतणाऱ्या पक्ष्याचा विचार करताना ते मनात येतंच.

दोन्ही बाजू सारख्याच गप्प

आता निदानाचा गाभा. तोलाच्या चेता विश्रांतीतही गप्प नसतात. दोन्ही कानांकडून मेंदूला सतत संदेश जात असतात, आणि डोकं स्थिर असताना ते समसमान असतात. डोकं उजवीकडे वळलं की उजव्या आडव्या नलिकेचे संदेश वाढतात, डावीचे घटतात. उभ्या नलिकांची जोडी तिरपी असते: उजव्या बाजूची पुढची नलिका डाव्या बाजूच्या मागच्या नलिकेबरोबर. मेंदू या फरकावरून वळण ओळखतो.

एका बाजूचा कान बिघडला तर पक्षी स्थिर उभा असतानाही दोन्हीकडच्या संदेशांत फरक पडतो. मेंदूला वाटतं आपण वळतोय. डोकं बिघडलेल्या बाजूला कलतं, डोळ्यांना आणि मानेला झटके येतात, पक्षी गोल फिरतो. दोन्ही कान सारखेच बिघडले तर? फरकच उरत नाही. उभ्या पक्ष्याची मान सरळ दिसते, झटके येत नाहीत. हालचाल सुरू झाली की मात्र सगळं कोसळतं, कारण डोकं हललं हे मेंदूला कळवणारंच कोणी नसतं. डोळे उघडे असतील तर नजर थोडंफार निभावते. अंधारात किंवा टोपीखाली तेवढाही आधार जातो. रात्री दांडीवरून पडणं यातून उलगडतं.

चालणं बरं आणि उडणं बंद, हाही याच गोष्टीचा भाग वाटतो. पक्ष्यांच्या कंबरेच्या मणक्यांमध्ये, मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना, द्रवाने भरलेल्या खाचा आणि मज्जारज्जूचे छोटे उपखंड असतात. जर्मन शास्त्रज्ञ राइनहोल्ड नेकर यांची मांडणी अशी, की चालताना आणि बसताना तोल राखायला हे दुसरं इंद्रिय मदत करतं, तर उडताना भिस्त अंतर्कर्णावर असते. कबुतरांत या खाचांमधला द्रव वाहून जाऊ दिला तेव्हा चालणं बिघडलं, उडणं शाबूत राहिलं. आमच्या पक्ष्याचं चित्र बरोबर उलटं होतं.

मानमोडीत बिघाड मेंदूच्या ऊतीत असतो. तिथे दोन्ही बाजूंना इतकं सारखं नुकसान आणि तेवढंच नुकसान, बाकी काहीच नाही, असं होणं फार अवघड. शिवाय ढाबळीत दुसरा पक्षी आजारी नव्हता. पातळ विष्ठेचं काय? जेंटामायसिन मूत्रपिंडाला इजा करतं. रक्तातलं युरिक ॲसिड वाढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नव्हतं. म्हणजे मानमोडीच्या बाजूने सगळ्यात वजनदार वाटणारा पुरावा औषधाकडेच बोट दाखवत होता. यात एक दुष्टचक्रही आहे: हे औषध शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडावाटेच. मूत्रपिंड मंदावलं की औषध रक्तात जास्त वेळ राहतं आणि कानाला आणखी पोचतं.

बाकीच्या शक्यता थोडक्यात. क्ष-किरण चित्रात पेषणीत (दाणे भरडणाऱ्या जठरात) धातूचा कण नव्हता, म्हणजे शिशाच्या विषबाधेची शक्यता कमी. डोक्याला मार लागला असता तर एक बाजू जास्त बिघडायला हवी होती, आणि पत्र्यावर आदळण्याआधीच पडणं सुरू झालं होतं. साल्मोनेला जिवाणूच्या संसर्गात सांधे सुजतात, पक्षी मलूल होतो. थायमिनच्या (ब-1 जीवनसत्त्वाच्या) कमतरतेत मान मागे आकाशाकडे वळते. लोटन जातीची कबुतरं जमिनीवर कोलांट्या घेतात, पण तो वंशपरंपरेचा दोष आणि हा पक्षी गिरेबाज. विष्ठाद्वारातून घेतलेला स्वॅब मानमोडीसाठी पाठवला होताच. तो पुढे निरंक आला.

राहता राहिली शिट्टी. ऐकण्याच्या रोमपेशीही त्याच घराण्यातल्या. पक्ष्यांच्या ऐकण्याच्या नळीत उंच स्वर मुळाशी आणि खर्ज टोकाशी टिपला जातो. ॲमिनोग्लायकोसाइड औषधं, म्हणजे जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यांची भावंडं, मुळाकडच्या पेशी आधी मारतात. म्हणून काकांची उंच शिट्टी गेली आणि जवळून घातलेली आ-आ अशी खालच्या स्वरातली साद शिल्लक राहिली. ऐकू येणं आणि तोल एकदमच बिघडलेत, मेंदूची बाकी कामं शाबूत आहेत, दोन्ही बाजू सारख्या आहेत: दोष रोमपेशींत आहे हे सांगायला याहून काय हवं?

औषध पेशीत शिरतं तेही रोमांच्या टोकांशी असलेल्या त्याच वाहिन्यांमधून, ज्या हालचाल टिपण्यासाठी उघडतात. आत गेलेलं औषध लवकर बाहेर पडत नाही. पेशीच्या ऊर्जाकेंद्रांची नासधूस होते आणि पेशी मरते. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडलं आणि क्षयरोग्यांना देऊ लागल्यावर लवकरच तोल जाण्याच्या तक्रारी पुढे आल्या. ज्यांच्या रोमपेशी अशा गेल्या त्यांचा तोल बहुधा पूर्णपणे परत येत नाही. चालताना समोरचं जग हलतं आणि अंधारात पाय ठरत नाहीत.

उपचार

पक्ष्याचं नशीब माणसापेक्षा वेगळं आहे, आणि हे काकांना सांगताना मला खरोखर आनंद झाला. 1988 साली कोंबडीच्या आणि लाव्यासारख्या पक्ष्याच्या कानात मेलेल्या श्रवणपेशींच्या जागी नव्या रोमपेशी तयार होतात हे दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी दाखवलं. तोलाच्या इंद्रियांत तर ही उलाढाल निरोगी पक्ष्यातही जन्मभर चालू असते. शेजारच्या आधारपेशी विभागतात किंवा थेट रोमपेशीचं रूप घेतात. स्ट्रेप्टोमायसिनने तोल घालवलेल्या कोंबडीच्या पिल्लांमध्ये डोळे स्थिर ठेवणारी प्रतिक्षिप्त क्रिया साधारण दोन महिन्यांत परतल्याचं 1996 सालच्या अभ्यासात दिसलं.

म्हणून उपचार म्हणजे मुख्यतः वाट बघणं, आणि वाट बघण्याच्या काळात पक्ष्याला जगवणं. जेंटामायसिन तर थांबलंच होतं. पुढे या गटातलं कोणतंही औषध कायमचं वर्ज्य, असं काकांच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मूत्रपिंडासाठी कातडीखाली कोमट सलाइन दिलं आणि पिण्याचं पाणी कायम हाताशी ठेवायला सांगितलं. जखम कोरडी होती, दुसरं प्रतिजैविक दिलं नाही.

राहण्याची सोय मात्र बारकाईने ठरवली. पिंजरा बुटका, तळाला खरखरीत टॉवेल, दांडी जमिनीपासून वितभर. दाणे पसरून टाकायचे नाहीत, खोल वाडग्यात भरपूर घालायचे, म्हणजे नेम चुकला तरी चोच दाण्यातच पडते. शिवाय दोन्ही वेळा भिजवलेले वाटाणे आणि हरभरे हाताने भरवायचे. रात्री मंद दिवा चालू ठेवायचा. बहुतेक लोक आजारी पक्षी अंधाऱ्या खोक्यात ठेवतात; इथे नजर हाच शेवटचा आधार होता, तो काढून घेणं चुकीचं ठरलं असतं. आणि पक्ष्याला निजवून ठेवायचं नाही. रोज थोडा वेळ खोलीत चालू द्यायचं, हातावर बसवून हळू हळू कलवायचं, कारण मेंदूला उरलेल्या संदेशांवर काम करायला हालचालीनेच शिकवता येतं.

काकांनी हे सगळं निगुतीनं केलं. त्यांच्या नातवाने मोबाइलवर डोक्याचे हेलकावे टिपायला सुरुवात केली आणि दर भेटीला ते व्हिडिओ माझ्या निरीक्षणांइतकेच उपयोगी ठरले.

पुढचे महिने

विष्ठा आधी सुधारली. मार्चच्या मध्यापर्यंत पक्षी स्वतः टिपून खाऊ लागला, उभा असतानाचे हेलकावे कमी झाले. मात्र टोपी घालून स्टुलावर फिरवलं की अजून काहीच प्रतिसाद नव्हता. म्हणजे ही पहिली सुधारणा कानाची नव्हती. नजर आणि मानेच्या स्नायूंची जाणीव यांवर मेंदूने बसवलेला तो जुगाड होता. हे वेगळं ओळखायला हवं, कारण याच टप्प्यावर पक्षी बरा झाला समजून लोक त्याला उडवतात आणि तो पहिल्या वळणाला पडतो.

एप्रिलच्या उत्तरार्धात टोपीखाली पहिले झटके दिसले. लहान, थकल्यासारखे, पण दोन्ही दिशांना. त्याच सुमारास काकांचा फोन आला की शिट्टीला याने मान वर केली. मे महिन्यात गच्चीवर जाळी बांधून आत उडायला सोडलं. पावसाळ्याच्या तोंडावर तो थव्याबरोबर खाडीच्या बाजूला छोट्या फेऱ्या मारू लागला.

तो पूर्ण पूर्ववत झालाय असं मी म्हणणार नाही. कुशीवर कलवल्यावर डोकं सावरायला जोडीदारापेक्षा त्याला अजून जास्त वेळ लागतो. रोमपेशी दोन प्रकारच्या असतात. दुसऱ्या प्रकारच्या लवकर भरून येतात. पहिल्या प्रकारच्या, ज्यांना चेतेचं टोक पेल्यासारखं वेढून असतं, त्या कबुतरांवरच्या अभ्यासातही बऱ्याच उशिरा परतलेल्या दिसल्या. त्यामुळे दिवेलागणीच्या आत त्याला उतरवून घ्यायचं, हा नियम सध्या कायम आहे. युरिक ॲसिड मर्यादेत आलंय. ढाबळीतल्या बाकी सगळ्या पक्ष्यांना मानमोडीची निष्क्रिय लस दिली, कारण या वेळी तो आजार नव्हता म्हणून पुढच्या वेळी येणार नाही असं नाही. दिवाळीनंतर पुन्हा स्टुलावर बसवायचं ठरलंय, आणि या वेळी झपकन खाली नेण्याच्या चाचणीचा व्हिडिओ संथ गतीने घ्यायचाय, म्हणजे शेपटी कधी उघडते ते जोडीदाराशी नीट ताडून बघता येईल.